समोरचा ब्रेक

या, असे पुढं सरकून बसा. दाराशी बसलात तर अर्धंच ऐकू येईल, आणि ही गोष्ट अर्धी ऐकण्यासारखी नाही. अर्ध्या ऐकलेल्या गोष्टीपायीच आमच्या इकडच्या एका माणसाची आठ वर्षं गेली. आख्यान सांगतो म्हटलं तरी यात देव फारसा येत नाही. एक जुनी मोटरसायकल आहे, तिचा समोरचा ब्रेक आहे, आणि एक पखवाज आहे. मी जन्मभर कीर्तनात पेटीवर बसलो, बोलायचं काम बुवांचं. तेव्हा कुठं अडखळलो तर सांभाळून घ्या.

दोन हजार चार सालचा जानेवारी. सकाळी दहाच्या सुमारास मी नालवाडीहून ऑफिसला निघालो होतो. थंडीचं ऊन, रस्त्याच्या कडेला कुणाच्या तरी बांधकामाची रेती पसरलेली, आणि गल्लीतून एक शाळकरी मुलगी सायकलवर अचानक समोर आली. हँडलला डबा लटकवलेला, तोंड दुसरीकडंच. मी पायाखालचा मागचा ब्रेक दाबला तसं मागचं चाक रेतीवर सरकायला लागलं, आणि मी न सांगता माझ्या उजव्या हातानं समोरच्या ब्रेकची मूठ आवळली. चालत्या गाडीवर दहा वर्षांत पहिल्यांदा. आत कुठं तरी तार तुटल्याचा बारीक आवाज झाला आणि मूठ सरळ हँडलला येऊन टेकली. काहीच लागलं नाही. म्हणजे मला इजा झाली नाही या अर्थानं नव्हे, मुठीला काही लागलं नाही; अंधारात पायरी आहे समजून पाऊल टाकावं आणि पायरी नसावी, तसं. गाडी रेतीच्या ढिगात शिरून बंद पडली. मुलगी थांबली, काका लागलं का म्हणाली, मी नाही म्हटलं, ती डबा सावरून निघून गेली. एवढंच झालं. एक ओरखडासुद्धा नाही. पण मी ढिगापाशी उभा होतो आणि माझा उजवा हात अजून मिटलेला होता. तो उघडायला मला भीती वाटत होती, कारण त्या हातात आत्ता जे होतं ते माझं नव्हतं. ते प्रेमदासचं होतं.

ऑफिसात हजेरीपटावर सही केली तेव्हाही तळहाताला ती रिकामी मूठ लागत होती. चहाचा कप धरला तेव्हाही. घरी जेवताना शरयूनं विचारलं, हाताला काय झालं, सारखा उघडझाक काय करता. मी म्हटलं, मुंग्या आल्या. बायकोशी खोटं बोलण्याची मला सवय नाही, आणि हेही तसं खोटं नव्हतं. अशी अर्धी खरी वाक्यं मला फार चांगली जमतात. त्यातल्या एका वाक्याच्या आडोशाला मी आठ वर्षं बसून होतो. ते वाक्य पुढं येईल. त्याआधी नेमाचं सांगायला हवं.

ही गाडी मी नव्वद साली एका सेवानिवृत्त मास्तरांकडून घेतली, मुख्यतः अण्णाजीबुवांसाठी. बुवा कीर्तनकार, देवळी-पुलगावच्या टापूत त्यांना फार मान. गोरा, ठेंगणा माणूस, पण उत्तररंगात आख्यानाला उभे राहिले की आठ फूट वाटत. त्यांना तबला चालत नसे, पखवाजच लागे. पखवाजावर नाचणगावचा प्रेमदास, पेटीवर मी. बुवा माझ्या मागं बसून गावोगाव येत, आणि त्या आवाजाच्या मागं मी कुठंही गेलो असतो. कीर्तनात एक वेळ अशी येते की बुवांचा श्वास, पखवाजाची थाप आणि पेटीचा भाता एका ठिकाणी येतात, आणि मग कुणी काही करत नसतं, ते होत असतं. त्या क्षणासाठी मी ऑफिसची आठवडाभराची कागदं सहन करायचो. देव मला जेवढा भेटला तेवढा तिथंच भेटला.

त्र्याण्णवच्या डिसेंबरात बुवांना घेऊन जाताना वळणावर मुरूम होता. समोरून म्हशी आल्या, मी समोरचा ब्रेक जोरात धरला आणि आम्ही दोघं आडवे. माझं काही नाही, बुवांचा ओठ फाटला. त्या रात्रीचं कीर्तन त्यांनी सुजलेल्या ओठानं केलं. प्रत्येक ओष्ठ्य अक्षराला त्यांना कळ येत होती आणि ती कळ पेटीवर माझ्या बोटांत उतरत होती. बुवा नंतर हसले, म्हणाले, देवानं आज थोडं कमी बोल म्हटलं. पण माझं मन ऐकेना. लोक काशीला जाऊन वांगं सोडतात, कुणी तोंडली सोडतात, जन्मभर पुन्हा खात नाहीत. मी पुढच्या एकादशीला देवापुढं पाणी सोडलं आणि समोरचा ब्रेक सोडला. हसू नका. मला तेव्हा ते अगदी सरळ वाटलं होतं. ज्या हातानं बुवांना पाडलं तो हात त्या मुठीला पुन्हा लागायचा नाही. आणि सवयीनं चुकून लागलाच तर नेम मोडू नये म्हणून चाकापाशी तार आवळायचा जो नट असतो तो मी आठ फेरे सैल करून ठेवला. मूठ दाबली तरी ब्रेक लागणार नाही, नेम शाबूत. आणि नेम कुणाला सांगायचा नसतो. बोलून दाखवला की तो गेला. हे मला लहानपणी आईनं सांगितलं होतं आणि मी ते कधी तपासून पाहिलं नाही.

शहाण्णवच्या माघात नाचणगावला कीर्तन होतं. बुवा दुपारी देवळीला एकांकडं जेवले आणि चिपळ्या तिथंच विसरल्या. दुसऱ्याच्या चिपळ्यांवर ते कीर्तन करीत नसत. सूर्य मावळायला तास-दीड तास होता. मी मंडपात पेटीची एक अडकलेली पट्टी काढत बसलो होतो, हात धुळीनं भरलेले. प्रेमदास म्हणाला, मी आणतो, किल्ली दे. पखवाजाच्या डाव्या तोंडाला, धुमेला, लावायची कणीक त्यानं भिजवून ठेवली होती, ती ओल्या फडक्याखाली झाकली आणि मला म्हणाला, फडकं वाळू देऊ नको. मग गाडीवर बसता बसता विचारलं, "ब्रेक कसे हायत बे?"

मी म्हणालो, "मागचा पक्का धरतो."

हे ते वाक्य. यात खोटं कुठं आहे ते मी आठ वर्षं शोधत होतो. प्रेमदास हसला. "अन् समोरचा का नवसाचा हाय?"

त्यानं थट्टेत अगदी नेमक्या जागी बोट ठेवलं होतं. मीही हसलो. तोंड उघडलं असतं तर नेम गेला असता. एका नेमाची आणि एका माणसाची तुलना करायला मला फार तर दोन श्वासांचा वेळ मिळाला, आणि त्या दोन श्वासांत मी पेटीच्या पट्टीकडं पाहिलं. तो गेला. मी कणकेवरचं फडकं दोनदा ओलं केलं.

चिपळ्या घेऊन परतताना देवळीच्या अलीकडच्या नाल्याच्या उतारावर कापसाच्या पऱ्हाट्यांनी भरलेली बैलगाडी आडवी आली. मागच्या ब्रेकनं उतारावर जेवढं होतं तेवढं झालं. प्रेमदासचं डावं मनगट मोडलं, डोक्याला मार लागून तो बेशुद्ध होता. लोक त्याला जीपनं घेऊन गेले. मी पोचलो तेव्हा गाडी बाभळीला टेकवून ठेवलेली, आसपास कुणी नाही, आणि चिपळ्या रस्त्यात पडलेल्या. मी आधी चिपळ्या उचलल्या, पुसल्या, खिशात घातल्या. मग गुडघ्यावर बसलो आणि बोटांनी नट आवळला. एक, दोन, तीन, असे आठ फेरे. मी ते का केलं हे मला विचारू नका.  बोटं पेटीवर आपोआप जातात तशी गेली. आठवा फेरा पुरा झाला तेव्हा मूठ दाबून पाहिली. पक्की धरत होती.

पाचव्या दिवशी दवाखान्यात प्रेमदास नीट बोलायला लागला. त्याला उतार आठवत होता, पऱ्हाट्या आठवत होत्या, मधलं पुसलं गेलं होतं. छताकडं पाहत म्हणाला की त्याला वाटतं त्यानं मूठ आवळली होती, पण आवळली असती तर गाडी थांबली असती. त्याचा मोठा भाऊ खाली जाऊन माझ्या गाडीचा ब्रेक दाबून आला आणि म्हणाला, ब्रेक तर चांगला आहे. मी खाटेच्या पायथ्याशी उभा होतो. प्रेमदासनं चादरीवरचा उजवा हात उचलून डोळ्यांसमोर धरला, दोन्ही बाजूंनी पाहिला.

"मंग हातच उशिरा पडला माहा," तो म्हणाला.

ज्यांना लय ठाऊक नाही त्यांना हे वाक्य कळणार नाही. मनगट चार महिन्यांत जुळलं, थोडं वाकडं. पण डावा हात म्हणजे कणकेची बाजू, ती वाकड्या मनगटानंही वाजते. उजव्या हाताला तर खरचटलंही नव्हतं. तरी प्रेमदास पुन्हा पखवाजावर बसला नाही. बुवांनी आग्रह केला, पायांवर हात ठेवायला निघाले, तो म्हणाला, बुवा, वेळेवर न पडणारा हात घेऊन तुमच्या मागं बसू का? आणि घरच्या किराणा दुकानात तराजूमागं जाऊन बसला. लोकांना त्याची जोरात गाडी हाकण्याची सवय माहीत होतीच, त्याला विमान म्हणायचे. त्यांनी मान हलवली.

आणि मग बुवांनी त्याचा दृष्टान्त केला. द्वेषानं नाही, पोटच्या पोरासारखा होता तो त्यांना, तुटत होतं म्हणून केला. पूर्वरंगात मन आवरण्याचं निरूपण आलं की सांगायचे: एक वादक होता, हातात अशी लय की देवानं उभं राहून ऐकावं, पण गाडीवर बसला की वेग आवरेना, वेळेवर हात पडला नाही आणि देवाघरचं देणं मातीत गेलं, म्हणून म्हणतो, वेग आवरा. नाव घेत नसत. घ्यायची गरज नव्हती. वर्षाला पन्नास कीर्तनं धरा, सहा वर्षं. चाळीस गावांत तरी ते गेलं. लोक डोळे पुसायचे. आणि बुवांच्या त्या शब्दांखाली पेटीचा मंद सूर कोण धरायचं? मीच. माझा डावा हात भाता ओढायचा आणि उजवा षड्जावर असायचा, स्थिर. एकदा नाचणगावलाच प्रेमदास समोर बसलेला होता, खांबाला टेकून. बुवा सांगत होते आणि तो हळूहळू मान हलवत होता, पटल्यासारखी. पुढं मध्यंतर झालं, बुवांना हार घातला, लोक बुक्का लावून घ्यायला उठले, तोही आला, आणि कपाळावर बुक्का घेऊन माझ्याकडं पाहून म्हणाला, पेटी आज लई गोड लागली नाना. दोन हजार दोनला बुवा गेले. त्यांना शेवटपर्यंत कळलं नाही. मीही पेटीवर कापड टाकलं, आणि वाटलं आता हे असंच सरेल.

तर त्या रिकाम्या मुठीनंतर तिसऱ्या दिवशी मी गाडी तानबाकडं नेली. तानबा मेकॅनिक, माझ्याच वयाचा, गाडी घेतल्यापासून त्याच्याच हातात. मी म्हटलं, समोरचा जुना ब्रेकच नको. नव्या गाड्यांना डिस्क येते तशी बसवून दे. मला ते सगळं काढून फेकायचं होतं, तो नट, ती तार, ते चाक. तानबा चाक सोडवायला बसला. त्याची एक जुनी पद्धत आहे: ब्रेकचे शू घातले की त्यांच्या पाठीवर खिळ्यानं तारीख ओरखडतो, म्हणजे पुढच्या वेळी किती चालले ते समजतं. त्यानं ड्रम उघडला, धूळ फुंकली, आणि एक शू हातात घेऊन बराच वेळ उन्हात धरून राहिला. माझ्या पाठीला घाम आला. जानेवारीतला घाम.

"नानाजी, हे पाहा. पंधरा दहा त्र्याण्णव. माह्याच हातचं हाय." मग अंगठ्यानं शूची कड चाचपली. "मी कानस मारली तशीच कड हाय अजून. दहा वर्षांत हा ब्रेक कोनं दाबलाच नाई. काऊन?"

मी म्हटलं, गरज पडली नाही.

"गरज पडली नाई," तानबा म्हणाला, आणि माझ्याकडं न पाहता शू पॉलिश पेपरवर घासायला लागला. "डिस्क कायले लावता मंग? हा मेला नाई. तुमी याले जित्ता गाडून ठेवला."

त्याला काही ठाऊक नव्हतं. तो ब्रेकविषयी बोलत होता. मी लाकडी पेटाऱ्यावर बसून राहिलो. पेपराचा तो खर्र खर्र आवाज, एका लयीत, तानबाचा हात जात येत होता, आणि मला एकाएकी दिसलं की नाचणगावला तराजूमागं एक हात आहे, त्याचीही कड तशीच आहे, झिजलेली नाही, आणि तो मीच नट आवळून बंद केलेला आहे. नवी तार पडली. ड्रम पुसला गेला. तानबानं मूठ दाबायला सांगितली. मी दाबली. चाक जागच्या जागी थांबलं. मग मी त्याच्याकडून नटाला बसणारा एक पाना मागून घेतला आणि घरी न जाता पुलगावच्या रस्त्याला लागलो.

नाल्याच्या उतारावर मी समोरचा ब्रेक हलकेच धरला. गाडी आज्ञाधारकपणे मंदावली. एवढं सोपं होतं ते. नेम मोडला, आणि आकाश जिथं होतं तिथंच राहिलं. त्याचीच जास्त भीती वाटली.

दुपारची वेळ, दुकानात गिऱ्हाईक नव्हतं. प्रेमदास गूळ फोडत होता. केस पिकलेले. मला पाहून उठला, इतक्या दिवसांनी काऊन आला म्हणाला, आत चहाला सांगितलं. मी बसलो नाही. चहा आला, फळीवर ठेवला. मी म्हटलं, बाहेर ये जरा, गाडीपाशी. तो हात पुसत आला. मी रस्त्यावर गुडघे टेकले. शेजारच्या ओट्यावरची दोन माणसं पाहत होती, पाहू दे. पाना लावून मी नट सैल करायला लागलो. फेरे मोजत होतो, मोठ्यानं नाही, पण ओठ हलत असावेत. आठ झाले. वर पाहिलं.

"बस गाडीवर. मूठ दाब."

"काऊन?"

"दाब तू."

तो बसला. उजवा हात मुठीवर ठेवला, चारी बोटं एकामागून एक, पखवाजावर ठेवायचा तशी. आणि दाबली. मूठ सरळ जाऊन हँडलला टेकली. त्याचा चेहरा मी खालून पाहत होतो. आधी काही नव्हतं. मग त्याचे डोळे कुठंच पाहत नाहीत असे झाले. त्यानं मूठ सोडली, पुन्हा दाबली. पुन्हा. श्वास तोंडानं घ्यायला लागला.

"हेच," तो म्हणाला. "हेच होतं, नाना. मूठ खाली आलती. मले वाटे मी सपनात पाह्यलं."

मी म्हटलं, स्वप्न नव्हतं. तू दाबला होतास. वेळेवर दाबला होतास.

"पन भाऊनं पाह्यलं त पक्का होता."

"मी आवळला होता. त्याच दिवशी, बाभळीपाशी."

त्यानं आणखी एकदा मूठ दाबून पाहिली. फळीवरच्या चहावर साय धरलेली मला तिथून दिसत होती, किंवा दिसत नसेल, पण माझ्या आठवणीत ती आहे. मग त्यानं विचारलं, मुळात सैल काऊन होता. आणि मी पहिल्यांदा माझा नेम कुणाला तरी सांगितला. बुवांचा ओठ, एकादशी, सोडलेलं पाणी. मला वाटलं तो मारील. मी तसाच गुडघ्यांवर होतो, त्याला सोपं गेलं असतं.

"वांगं सोडाचं होतं न बे," प्रेमदास म्हणाला.

त्याच्या गळ्यातून हसण्यासारखा एक आवाज आला आणि मधेच तुटला. उजवा हात त्यानं दवाखान्यात धरला होता तसा डोळ्यांसमोर धरला, दोन्ही बाजूंनी पाहिला. मग पेट्रोलच्या टाकीवर बोटं टेकवली. थाप दिली नाही. देईल असं वाटलं, पण दिली नाही. खाली उतरला. बुवा तर गेले, म्हणाला. चाळीस गावांत सांगून गेले. ते आता परत कोण आणणार?

मी म्हटलं, मी आणीन.

"तू त पेटीवाला. तुले बोलता कुठं येते."

 मी उठलो, गुडघे झटकले, किल्ली लावली. तो दुकानाची पायरी चढून आत गेला, तराजूमागं बसला, आणि माझ्याकडं पाठ करून म्हणाला, "आता इकडं येऊ नोको, नाना." मी गाडी वळवली. तेव्हा पुन्हा त्याचा आवाज आला, तसाच, मागं न पाहता.

"नट सैल हाय तो. आवळून जाजो."

मी त्याच्या दारात बसून आठ फेरे आवळले, आणि त्यानं ते मोजले असणार.

तेव्हापासून मी हे करतो. देवळी, पुलगाव, जिथं कीर्तन असेल तिथं जातो, मध्यंतरात बुक्का लावायची वेळ आली की बुवांपुढं हात जोडून पाच मिनिटं मागतो. काही देतात, काही म्हणतात नाना आता वय झालं तुमचं. मग मी तुमच्यासारखे चार लोक ओसरीत धरतो. एकोणीस गावं झाली आहेत. नाचणगावच्या देवळात गुरुवारी पखवाज वाजतो असं ऐकतो. कुणाचा ते मी विचारलं नाही आणि मी गेलेलो नाही. मला तिथं जायला मना आहे.

माझं काही लक्षात नाही राहिलं तरी चालेल, तेच बरं. पण पुढंमागं कुणी तुम्हाला वेग आवरण्याचा तो दृष्टान्त सांगायला लागला, एक वादक होता असं म्हणाला, तर तिथं एवढं बोला. नाव घेऊन बोला: नाचणगावचा प्रेमदास. डावं मनगट थोडं वाकडं आहे. त्याची आठवण ठेवा. त्याचा हात वेळेवर पडला होता.